दवाखान्यातली पुस्तकं

पाहणी शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी बाईंनी जी चूक केली, ती वाचनालयाच्या बाईनेच करावी. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती.

वाचनालयाची खोली वरच्या मजल्यावर होती, जिना संपतो तिथेच डाव्या हाताला. पूर्वी तिथे चित्रकलेचा वर्ग भरायचा, त्यामुळे फरशीवर जुन्या रंगांचे डाग होते आणि कितीही घासले तरी ते निघत नसत. लाकडी कपाटं, त्यांना काचेची दारं. एका दाराची काच चेंडू लागून गेलेली, तिथे बाईंनी पुठ्ठा ठोकला होता. मधोमध दोन लांब टेबलं, बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसणारी मुलं, आणि खिडकीतून येणारा मैदानाचा गलका. अशा खोल्या आता फारशा राहिल्या नाहीत. त्या काळी मात्र शाळेत एवढी एक जागा अशी असायची की जिथे मुलाला कुणी उभं करून उत्तर विचारत नसे.

बाई नुसत्या पुस्तकं देत-घेत बसत नसत. शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेऊन त्या या खोलीत आल्या होत्या, आणि प्रत्येक वर्गाला आठवड्याला त्यांचा एक तास असे. त्या तासाला त्या फळ्यावर एकच प्रश्न लिहीत. विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच कसं उतरतं? मग मुलं कपाटांवर तुटून पडत. कुणी उत्तर आणलं की बाई ते ऐकायच्याच नाहीत, आधी विचारायच्या, "कुठं सापडलं?" पुस्तक दाखव, पान दाखव, आणि दुसरं एखादं पुस्तक वेगळंच काही सांगतंय का तेही बघून ये. नुसतं पाठ असलेलं उत्तर घेऊन येणारी हुशार मुलं या तासाला हिरमुसत, आणि एरवी मागच्या बाकावर झोपणारी अचानक कामाला लागत.

आणि कोपऱ्यात होता दवाखाना. दवाखाना म्हणजे एक बुटकी मांडणी. मुलांनीच तिच्यावर खडूने तसं लिहिलं होतं. जे पुस्तक वाचून वाचून खिळखिळं व्हायचं, ते तिथे भरती. शनिवारी शाळा लवकर सुटली की कंपाउंडर म्हणून नेमलेली मुलं मागे थांबायची. पिठाची खळ, मलमलच्या पट्ट्या, दाभण आणि दोरा. "बाई, याचा कणा मोडलाय." "बाई, याला दोन पानं चढवायला लागतील." "हा पेशंट मागच्याच महिन्यात घरी गेला होता, परत आला." दुरुस्त होऊन गेलेलं पुस्तक पुन्हा पळवलं जाई आणि पुन्हा भरती होई. शाळेतली जी म्हणून आवडती पुस्तकं होती, ती सगळी कधी ना कधी या मांडणीवर आडवी पडलेली होती.

त्या वर्षी शाळेला कॉम्प्युटर मिळाले. खोकी येऊन पडली ती खालच्या व्हरांड्यात, आणि त्यांना खोली हवी होती. मुख्याध्यापक पूर्वी गणित शिकवायचे, म्हणून मुलं आणि मास्तर मंडळी अजूनही त्यांना गणितसरच म्हणत. ते एक दिवस वर आले, दारातच उभे राहिले.

"बाई, माझं तुमच्याशी काही भांडण नाही. पण वरून पाहणी येतेय. वाचनालय वापरात आहे असं त्यांना दिसलं, तर खोली राहील. नाही दिसलं, तर खोकी वर येतील."

"आणि माझे तास?"

"खोलीच नसेल तर तास कुठे घेणार? मग तुम्हाला बदली तासांवर घ्यावं लागेल."

बदली तास म्हणजे जो मास्तर गैरहजर त्याच्या वर्गावर जाऊन बसायचं आणि पोरांना गप्प ठेवायचं. बाईंना ते नको होतं. पण त्या वरवर म्हणाल्या, "येऊ देत. माझ्या खोलीत नाव ठेवायला जागा सापडायची नाही."

आणि नेमकं तेच त्यांनी मनावर घेतलं. गुरुवारी त्यांनी खोली अशी आवरली की विचारू नये. टेबलांना पॉलिश केलं, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. दोन वर्षांपूर्वी एकदम आलेली नवी कोरी पुस्तकं, जाड, चकचकीत, मुलांना अजिबात न रुचलेली, ती पुढे घेतली. मग त्यांची नजर दवाखान्यावर गेली. फाटके पुठ्ठे, लोंबणारे दोरे, बोटांच्या तेलाने काळपट पडलेली पानं. परक्या माणसाने हे बघितलं तर काय म्हणेल? बाईंनी पोती मागवली. दवाखाना रिकामा केला, कपाटांतलीही जी जी कळकट दिसली ती पुस्तकं काढली, आणि कंपाउंडर मुलांकडून सगळी पोती जिन्याखाली ठेवून घेतली. पाहणी झाली की परत वर. मग दिसेल त्याला त्या सांगत सुटल्या, माझ्याकडे फाटकं काही राहत नाही.

तेवढ्यात 'उद्या' डोकावली. ही सहावीतली मुलगी. समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक तिने सुट्टीच्या आधी नेलं होतं, आणि परत केव्हा आणतेस म्हटलं की "उद्या" म्हणायची. म्हणून सगळा वर्ग तिला उद्याच म्हणे. त्या पुस्तकाचं शेवटचं पान केव्हाचंच हरवलं होतं. जहाज बंदराला लागलं की बुडालं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यावरून डब्याच्या सुट्टीत मारामाऱ्या होत.

"बाई, उद्या आणते. नक्की."

"उद्या तर मुळीच आणू नकोस. पाहुणे यायचेत. तसलं फाटकं ध्यान त्यांच्यासमोर नको."

उद्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ती उड्या मारत जिना उतरली.

शुक्रवारी पाहणीच्या मॅडम आल्या. वयाने बाईंहून लहान, बोलायला गोड. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "छान ठेवलंय हो." बाई फुलल्या. मॅडमनी एक नवं पुस्तक काढलं, उघडलं. पुस्तकाचा कणा कर्रकन वाजला. दुसरं उघडलं. दोन पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. त्यांनी नखाने ती सोडवली.

"मुलं वाचतात का पण?"

"खूप वाचतात."

"फाटलेली, खराब झालेली पुस्तकं कुठे ठेवता?"

बाईंनी मान ताठ केली. "आमच्याकडे एकही फाटकं पुस्तक नाही."

मॅडम हसल्या. तिसरं पुस्तक काढलं, तेही वाजलं. आणि तो आवाज ऐकता ऐकता बाईंच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ओठांवर शब्द आले होते, थांबा, खाली पोत्यांत आहेत, सगळी खरी पुस्तकं खाली आहेत. पण एकही फाटकं नाही असं आत्ताच तर त्यांनी ठासून सांगितलं होतं. बाईंनी ते तिसरं पुस्तक घेऊन जागेवर लावलं.

"सोमवारी उरलेली शाळा बघायला येईन," जाताना मॅडम गणितसरांना म्हणाल्या. "तेव्हाच लिहून देते. पण सर, इथे वापर काही दिसत नाही."

त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच बाई जिना उतरल्या. जिन्याखाली फिनेलचा वास येत होता. फरशी स्वच्छ पुसलेली. एक दोरासुद्धा नव्हता.

शिपाईमामा कोपऱ्यात झाडू टेकवून उभा होता. "सरांनी सांगितलं होतं, पाहणीच्या आत जिन्याखालचा सगळा पसारा भंगारात घाला. मोडकी बाकडी, डबे, पोती. सकाळीच गेलं सगळं."

"मामा, पोत्यांत काय होतं ते बघायचं तरी."

"बघितलं की. फाटकी पुस्तकं होती." मग बाईंचा चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे फाटकं काही राहत नाही, असंच तर तुम्ही सगळ्यांना सांगत होता, बाई."

भंगाराचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. बाई तिथवर कशा पोचल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दुकानदार तराजूशी बसून चहा पीत होता.

"शाळेचा माल? कागद दुपारच्या ट्रकने गिरणीला गेला."

"परत आणता येईल?"

"ताई, तिथे गेलं की हौदात पडतं. आता लगदा झाला असेल." त्याला वाईट वाटलं असावं. त्याने आतल्या बाजूला बोट केलं. "पुठ्ठे आहेत. पुठ्ठे आम्ही फाडून वेगळे काढतो."

आत पुठ्ठ्यांचा ढीग पडला होता. बाई वाकल्या. एकेक ओळखू येत होता. हा तिरका शिवलेला, डावखुऱ्या कंपाउंडरने शिवला म्हणून. या पट्टीवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा खळीत वाळून बसलेला. या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, 'पेशंट बरा आहे.' आत काहीच नाही. बाईंनी दोन पुठ्ठे उचलले, एकमेकांवर ठेवले, पुन्हा ढिगात टाकले. पुठ्ठे दाखवून काय सिद्ध होणार होतं? पुस्तकं रद्दीत घातली, एवढंच.

घरी त्या जेवल्या नाहीत. सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागे, कारण कानांनी कमी ऐकू यायचं, पण एकदा कळलं की बरोबर कळायचं.

"म्हणजे पाहुणे यायचे म्हणून घरातली माणसंच बाहेर काढलीस की गं."

"आई, आता तुम्ही तरी बोलू नका."

"मी कुठे बोलतेय. मी आपलं तुझंच तुला सांगतेय."

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. बायको रडवेली झाली की त्याला काहीतरी गंमत सांगायची घाई व्हायची. "अगं, परवा एकाने नवी फ्रेम घेतली आणि म्हणाला, हिला ओरखडे पाडून द्या, काडी जरा वाकवा. बापाचा चष्मा याच्याकडून हरवला होता. म्हाताऱ्याला कळू नये म्हणून नव्याचा जुना करायचा."

"मग? दिलात करून?"

"दिला की. हुबेहूब."

"ओळखला त्याने?"

"डोळ्याला लावल्याबरोबर. भिंगच वेगळं, ओळखणार नाही होय."

बाईंनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. त्या नव्याचा जुना करण्यापाशीच थांबल्या होत्या.

रविवारी दुपारी शाळेत चिटपाखरू नव्हतं. बाईंकडे वाचनालयाची किल्ली होती. त्यांनी दार आतून लोटून घेतलं, कोरी पुस्तकं टेबलावर रचली आणि पहिलं उघडलं. कणा मागे वाकवला. तो कर्रकन वाजला आणि बाईंच्या अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात त्यांनी एका पुस्तकाचा कोपरा दुमडला नव्हता. पानं दुमडणाऱ्या मुलांना त्या म्हणायच्या, तुझा कान असा दुमडू का? आता त्या दुमडत होत्या. एक कोपरा, मग दुसरा. थोडी पानं सोडून तिसरा. सोबत आणलेल्या थर्मासमधला चहा बोटाला लावून एक डाग पाडला. मग बोटं टेबलाखालच्या धुळीत घासून पानांच्या कडेवरून फिरवली.  त्यांनी एक पान फाडायला घेतलं, अर्ध्यावर आणलं, आणि तिथे मात्र त्यांच्याने पुढे होईना. ते अर्धवट फाटलेलं पान त्या तळहाताने नुसत्या दाबत राहिल्या, जणू दाबलं की चिकटेल.

"बाई?"

दारात गणितसर होते. हातात गुंडाळीची मोजपट्टी.

क्षणभर दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या हातात मोजपट्टी, यांच्या हातात फाटकं पान.

"तुम्ही खोली मोजायला आलात," बाई म्हणाल्या. "लिहून यायच्या आधीच."

"वायरिंगवाला उद्या सकाळी येतोय. त्याला लांबी हवी होती." सर पुढे आले. एक पुस्तक उचललं, मग दुसरं, आणि न विचारताच त्यांना सगळं कळलं. ते बाकड्यावर बसले. "नासधूस करताय असं मला आधी वाटलं. रागाने."

"राग असता तर बरं झालं असतं."

सर पानं उलटत होते. "बाई, पोरं मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवायची ना, ते मला लगेच कळायचं. उत्तर बरोबर असायचं, पण मधल्या पायऱ्या नसायच्या." त्यांनी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. सगळे कोपरे एकाच मापाचे. दर थोड्या पानांनी एक. कोण पोर असं नीटनेटकं दुमडेल?"

बाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. "मला वाईट दुमडताच येत नाही हो, सर."

सर उठले. मोजपट्टी त्यांनी खिशात टाकली, खोली न मोजताच. "मी आज इथे आलो नव्हतो," एवढं बोलून ते गेले. बाईंना वाटलं, यात काहीतरी आधार आहे. त्या बुडत्या जिवाने तेवढ्यालाच धरलं. संध्याकाळी त्यांनी पुस्तकं पुन्हा कपाटात लावली, या खेपेला मुद्दाम वेडीवाकडी.

सोमवारी मॅडम वर आल्या, सोबत गणितसर. योगायोगाने सहावीचा तास चालू होता. मुलं उभी राहिली. मॅडमनी कपाटातून पुस्तक काढलं. ते वाजलं नाही. 

मॅडमनी कोपरा बघितला, पुढचा बघितला. चहाचा डाग बघितला. अर्धवट फाटलेल्या पानाशी थांबल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शुक्रवारी ही पुस्तकं बरी होती. दोन दिवसांत ही अवस्था?" मग त्या मुलांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, तो तसाच गोड होता. "पुस्तकं कशी हाताळायची, एवढंही तुम्हाला कुणी शिकवलं नाही का रे? तुमच्या हातात चांगली वस्तू द्यायची तरी कशी?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कंपाउंडर मुलांचे चेहरे कसनुसे झाले. एकाने तोंड उघडलं आणि बाईंकडे पाहून मिटलं. त्यांना ती पुस्तकं ठाऊकसुद्धा नव्हती. मॅडम सरांना म्हणाल्या, "कॉम्प्युटरला निदान कोपरे नसतात," आणि लिहायला पेन काढलं.

गप्प बसले तर खोली जाते. बोलले तर खोली जातेच, वर आपणही जातो. हा हिशोब बाईंच्या डोक्यात उभा राहिला खरा, पण तो करायला त्या थांबल्या नाहीत.

"मुलांनी नाही केलं. मी केलं."

"तुम्ही?"

"काल. मी दुमडले. डागही मीच पाडले. ही पुस्तकं या मुलांनी उघडलेलीच नाहीत. त्यांनी वाचलेली पुस्तकं वेगळी होती. ती फाटली होती, म्हणून मी लपवली, आणि ती गेली."

खोलीत मैदानाचा गलका तेवढा ऐकू येत होता. मॅडम बाईंकडे बघत राहिल्या. त्या नजरेत रागही नव्हता. आजारी माणसाकडे बघावं तसं त्या बघत होत्या. "कुठली वेगळी?" त्यांनी विचारलं.

कुठं सापडलं? पुस्तक दाखव, पान दाखव. बाईंकडे दाखवायला काही नव्हतं.

गणितसर खिडकीतून बाहेर बघत होते.

आठवड्याच्या आत खोकी वर चढली. काचेच्या दारांची कपाटं मास्तरांच्या खोलीत गेली आणि त्यांना कुलूप लागलं. बुटकी मांडणी कुठे गेली कुणास ठाऊक. बाईंवर कारवाई झाली नाही, ती गणितसरांची कृपा म्हणा किंवा त्यांचा अपराधी भाव म्हणा. बदली तास मात्र मिळाले. एक दिवस भूगोल, एक दिवस शिवण, एक दिवस नुसतंच 'गप्प बसा'. सुरुवातीला त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहून पाहिला. मुलं उठून उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, आणि शोधायला कुठे जायचं ते न कळून परत बसली. त्यानंतर बाईंनी प्रश्न लिहिला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी व्हरांड्यात उद्याने त्यांना गाठलं. दोन्ही हात पाठीमागे.

"बाई, आणलं."

समुद्रप्रवासाचं पुस्तक. मलमलची पट्टी, तिरके टाके, कडेला बोटांनी झालेली काळी किनार. वादळाच्या प्रकरणाची पानं तर कापडासारखी मऊ पडलेली. शेवटचं पान नव्हतंच. कुठल्याही मॅडमनी ते कुठेही उघडलं असतं, तर एक शब्दही सांगायची गरज पडली नसती.

"कुठं सापडलं?" बाईंच्या तोंडून सवयीने गेलं.

"गादीखाली होतं. हरवलं नव्हतं. त्या सोमवारी मी दप्तरात आणलंसुद्धा होतं." उद्या खाली बघत होती. "पण तुम्हीच म्हणाला होता, फाटकं पाहुण्यांसमोर आणायचं नाही."

बाईंनी भिंतीला हात टेकला.  ती मुलगी घाबरली. "बाई, रागावलात? उशीर झाला म्हणून?"

"नाही गं."

"मग शिक्का मारा ना. जमा झालं म्हणून."

शिक्का कपाटात होता आणि कपाट कुलपात. बाईंनी पुस्तक मिटलं, कणा तळहाताने एकदा दाबून बघितला. टाके घट्ट होते. मग त्यांनी ते तिच्या हातात परत दिलं.

"हे आता जमा करायचं नाही. तुझ्याकडेच ठेव."

"किती दिवस?"

"कुणी मागितलं तर त्याला दे. तो पुढे कुणाला देईल. फाटलं तर शिवायचं. खळ आठवते ना?"

"पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं," उद्या म्हणाली. "मग चुलीवर. गुठळी होऊ द्यायची नाही."

"आणि?"

"आणि पट्टी लावली की रात्रभर वजन ठेवायचं."

घंटा झाली. कुणीतरी मास्तर आज आले नव्हते. बाईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि वर्ग कुठला ते विचारायला त्या शिपाईमामाकडे गेल्या.